मिरी, मिरची आणि मीठ

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, त्यामागे मिरीची ओढ होती. पुढे पोर्तुगीजांनीच अमेरिका खंडातली मिरची आपल्या किनाऱ्यावर आणली आणि स्वयंपाकघरात मिरीची जागा बव्हंशी या परदेशी पाहुणीने घेतली. पोषणाच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचा ठरला नाही. वाळलेल्या मिरीत ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते; ताज्या मिरचीत ते विपुल असते. हंगेरीतील सेगेद येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर मिळवले, ते मिरचीच्याच एका जातीतून. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. मात्र मिरची वाळली की तो गुण बराचसा लोपतो, आणि पोटात ती जाते चिमूटभरच.

चिमटीचे खरे सामर्थ्य प्रकटले ते मिठात. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात मातीत आयोडीन कमी. गलगंड पिढ्यान्‌पिढ्यांचा सोबती. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी तेथे आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग आरंभिला. गलगंडाचे प्रमाण घटले, आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. प्रौढाला दिवसाकाठी लागते अवघे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन. मात्र गर्भावस्थेत ते न मिळाल्यास बाळाची बुद्धी खुंटते.

मिरीसाठी राज्ये झगडली. लेकरांची बुद्धी राखली ती स्वस्त मिठाने.