घराच्या भिंती व त्यांचा बाहेरील रंग

महोत्सवाच्या वर्षीं ख्रिस्तमंदिराबरोबर घरोघरींही रंगकाम निघतें, ही आपल्या वसई प्रांतांतील जुनी चाल होय. पाहुण्यांच्या दृष्टीस घर उजळ दिसावें हा हेतु स्तुत्यच आहे. परंतु आपल्या वाडवडिलांनीं भिंतींस बाहेरून जो हात दिला तो केवळ शोभेसाठीं नव्हता. भिंतीचें आयुष्य वाढावें हा त्यांतील मुख्य उद्देश होता. तो इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा असें आम्हीं योजिलें आहे.

सन १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. त्या दोनशें वर्षांत किल्ल्यांत उभारलेल्या मंदिरांचीं छपरें केव्हांच गेलीं. तथापि चुन्यांत बांधलेल्या त्यांच्या कित्येक भिंती अद्याप उभ्या आहेत. आपल्या गांवांतील सधन कुटुंबांचीं जुनीं घरेंही दगड, विटा व चुना यांचींच. गरिबांच्या कुडाच्या भिंतींस शेणामातीचें सारवण पुरे होई.

चुन्याचें मर्म त्याच्या घडणींत आहे. चुनखडी किंवा समुद्राचे शिंपले भट्टींत भाजले म्हणजे त्यांतील कर्बाम्लवायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घालतांच तो उकळूं लागतो आणि फुलून विरतो. हाच चुना गाळून भिंतीवर लाविला असतां हवेंतील कर्बाम्लवायु पुन्हां शोषून घेतो व हळूहळू दगडच बनतो. मात्र हा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंतींत मुरलेली ओल पुढील आठ महिन्यांत त्यांतून वाफरूपानें निघून जाते. चुन्याचा हात वरचेवर द्यावा लागे याचें कारणही हेंच. पाऊस झिजवी तो त्या थरास, भिंत वांचे.

या चुन्यांत पिवळी माती, गेरू अथवा नीळ कालवून रंग करीत, आणि तो अंगास लागूं नये म्हणून थोडा सरस किंवा डिंक घालीत. ताजा चुना दाहक असल्यामुळें जंतूंचाही नाश करितो. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला तेव्हां सरकारी माणसें घरोघर सफेदी करीत फिरलीं, तीं याच भरवशावर. उंदरांवरील पिसवांमार्फत पसरणारा तो रोग सफेदीनें थांबला नाहीं, हें खरें. चुना भिंतीचा वैद्य आहे. सर्व रोगांवरील औषध नव्हे.

पुढें कारखान्यांचा काळ आला. १८२४ सालीं इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यांनीं पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. पोरबंदर येथें १९१४ सालीं सिमेंट तयार होऊं लागलें. रंगांचा कारखाना १९०२ सालीं हावड्याकडे शालिमार येथें निघाला, आणि १९४२ सालीं, महायुद्ध चालू असतां, मुंबईंत एशियन पेंट्सचा आरंभ झाला. सिमेंटचा गिलावा व त्यावर प्लॅस्टिक रंग हा प्रकार नव्या काँक्रीटच्या घरास योग्यच आहे. पण जुन्या चुन्याच्या भिंतीवर तोच थापला म्हणजे ओलीची वाट बंद होते. जमिनींतून चढणारें पाणी आंत कोंडतें, क्षार वर येऊन लोणा धरतो, रंगाचे पोपडे सुटतात, आणि आंतील वीट पिठासारखी भुसभुशीत होते. मालक पुन्हां रंग देतो. रोग झांकला जातो, बरा होत नाहीं.

लेवीय ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायांत घराच्या भिंतीवर उठलेल्या चट्ट्यांविषयीं विधि सांगितला आहे. याजकानें प्रथम घर पाहावें, सात दिवस बंद ठेवावें, चट्टा पसरल्यास तेवढे दगड काढून व भिंत खरवडून मग नवा गिलावा करवावा, असा तो क्रम आहे. तेथें तपासणी आधीं व गिलावा मागाहून.

आमची विनंतीही तीच आहे. कुंचा हातीं घेण्यापूर्वीं भिंत चुन्याची कीं सिमेंटची हें पाहावें. चुन्याची असल्यास आधीं कौलें व पन्हळी दुरुस्त कराव्या, भिंत पुरती वाळूं द्यावी, आणि चुन्याचाच हात द्यावा. जुन्या दारांखिडक्यांच्या तैलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. तो कोरडा खरवडूं नये, ओला करून काढावा व मुलांस दूर ठेवावें. घरगुती रंगांत दहा लाख भागांस ९० भागांहून अधिक शिसें नसावें, हा भारत सरकारचा नियम २०१६ सालीं झाला व २०१७ पासून अंमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगाचा भरवसा धरूं नये.

चुन्याचीं घरें आपल्या गांवांतून वर्षानुवर्षें कमी होत आहेत. जीं उरलीं आहेत त्यांच्या मालकांनीं यंदा रंगाचा डबा उघडण्याआधीं आपल्या भिंतीवरून एकवार हात फिरवून पाहिला, तरी आमचें हें लिहिणें सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.