समस्थानिक

एकाच मूलद्रव्याचे, पण अणुकेंद्रात न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेले अणू. प्रोटॉन तेवढेच असल्याने त्यांचे रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखे असतात आणि आवर्तसारणीत त्यांना एकच स्थान मिळते. फरक पडतो तो वस्तुमानात आणि केंद्राच्या स्थैर्यात. ही कल्पना फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये मांडली. त्या वेळी न्यूट्रॉन माहीतच नव्हता; तो १९३२ मध्ये सापडला.

एका न्यूट्रॉनाने किती फरक पडतो, हे कोबाल्टवरून उत्तम कळते. निसर्गात कोबाल्टचा एकच समस्थानिक मिळतो : २७ प्रोटॉन व ३२ न्यूट्रॉनांचा स्थिर कोबाल्ट-५९. अणुभट्टीत त्याने एक न्यूट्रॉन शोषला की किरणोत्सारी कोबाल्ट-६० तयार होतो. त्याचा ऱ्हास होऊन निकेल-६० बनते आणि भेदक गॅमा किरण बाहेर पडतात. अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे, म्हणून स्रोत जुना होत जातो तसा, ज्यावर हे किरण सोडायचे तो बियाण्यासारखा माल तितक्याच मात्रेसाठी अधिक वेळ किरणांत ठेवावा लागतो.

छत्तीसगडमधील रायपूरच्या दृष्टीने या किरणांचा सर्वांत मोलाचा उपयोग भातशेतीत झाला. तिथला सुगंधी दुबराज हा भाताचा वाण चवीला नामांकित, पण उंच वाढून आडवा पडणारा आणि उशिरा पिकणारा. त्यामुळे शेतकरी त्यापासून दूर जाऊ लागले होते. रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी त्याच्या बियाण्यावर गॅमा किरण सोडून, बुटका व लवकर येणारा ‘ट्रॉम्बे छत्तीसगड दुबराज म्यूटंट-१’ निवडला. सफरी-१७ या वाणापासून ‘विक्रम-टीसीआर’ही याच मार्गाने आला.

असा तांदूळ खाणे सुरक्षित आहे का, हा प्रश्न रास्त आहे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा (१.१७ व १.३३ एमईव्ही) बियाण्यातील अणुकेंद्रे बदलण्यास अपुरी पडते. बियाणे किरणोत्सारी होत नाही. बदलतो तो डीएनए. हे बदल मात्र कोठेही, कसेही होतात आणि बहुतेक निरुपयोगी किंवा घातक असतात. किरणांचे काम थोडक्यात आटोपते. खरे श्रम पुढचे : पिढ्यान्‌पिढ्या हजारो रोपे पारखून, सुगंध टिकवून ठेवलेले बुटके रोप शेतात शोधून काढणे.