ध्वनिफीत मुद्रण, घरगुती

तबकडी, नभोवाणी, दुसरी ध्वनिफीत अथवा प्रत्यक्ष गायन यांतील संगीत घरच्या यंत्राच्या साहाय्याने चुंबकीय फितीवर उतरवून घेण्याची पद्धत. बोलीव्यवहारात तिला ‘कॅसेट भरणे’ म्हणत. भारतात १९८० च्या दशकापासून सु. पंचवीस वर्षे ती प्रचलित होती. नांदेड व लातूर या मराठवाड्यातील जिल्ह्यांच्या सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने या पद्धतीने निर्माण झालेल्या फिती हे एक दुर्लक्षित, पण मोलाचे साधन आहे.

फितीची बंदिस्त डबी म्हणजे कॅसेट. फिलिप्स या डच कंपनीने ती १९६३ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात प्रथम मांडली. पुढे याच कंपनीने जपानच्या सोनी कंपनीच्या सहकार्याने विकसित केलेली अंकीय तबकडी (सीडी) १९८२ मध्ये विक्रीस आली. भारतात ध्वनिमुद्रिकांचा व्यवहार दीर्घकाळ मुख्यतः ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या हाती होता. आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांनी आणलेले टू-इन-वन, स्वस्त कोऱ्या कॅसेटी आणि टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्या यांमुळे १९८० च्या दशकात ही स्थिती पालटली. शहरोशहरी गाण्यांची यादी घेऊन कॅसेट भरून देणारी दुकाने निघाली. सीडीचा प्रसार त्यानंतर, १९९० च्या दशकात झाला. तथापि सीडी व तिचे वादनयंत्र महाग असल्याने एका घरातील सीडीवरून अनेक घरांच्या कॅसेटी भरल्या जात. सेलवर चालणाऱ्या टू-इन-वनमुळे वीज नसतानाही त्या ऐकता येत.

नांदेड व लातूर हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मराठीच्या जोडीला येथे दखनी उर्दू, सीमाभागात तेलुगू व कन्नड आणि नांदेड येथील सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी ऐकू येते. त्यामुळे वारकरी भजन, कव्वाली, गुरुबाणीचे कीर्तन, वाघ्यामुरळीची गाणी व चित्रपटसंगीत अशा अनेक परंपरा शेजारी शेजारी नांदतात. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या कवींच्या आणि प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्यासारख्या गायकांच्या भीमगीतांचा प्रसारही महाराष्ट्रभर कॅसेटींच्या द्वारे झाला. बाजारातील कॅसेट बहुधा एका गायकाची, चित्रपटाची वा देवस्थानाची असे. घरी भरलेल्या कॅसेटीत मात्र ऐकणाऱ्याची निवड उतरत असे. शिवाय ज्या यंत्रावर सीडीतील गाणे भरले जाई, त्याच यंत्राला असलेल्या ध्वनिग्राहकाने गावातील सप्ताहाचे कीर्तन, माळेगाव (ता. लोहा) येथील खंडोबाच्या यात्रेतील गाणे किंवा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या जात्यावरील ओव्याही भरता येत.

सीडीवरून कॅसेट भरताना दोन भिन्न माध्यमांचा मेळ घालावा लागे. सीडीवर ध्वनी सेकंदास ४४,१०० नमुन्यांच्या रूपाने अंकांत साठविलेला असतो. कॅसेटमधील ३·८१ मिमी. रुंदीची फीत सेकंदास ४·७६ सेंमी. वेगाने मुद्रणशीर्षावरून सरकते आणि तिच्यावरील लोह-ऑक्साइडाचे कण ध्वनीनुसार चुंबकित होतात. मुद्रणाची पातळी फार खाली ठेवल्यास मंद स्वर फितीच्या खरखरीत बुडतात, फार वर नेल्यास तारस्वर फाटतात; म्हणून गाण्यातील सर्वांत मोठा आवाज आधी ऐकून पातळी ठरवीत. सीडीत सु. ७४ मिनिटांचे संगीत मावे. ‘सी-९०’ कॅसेटीची एक बाजू ४५ मिनिटांत संपे. त्यामुळे लांब ख्याल मध्येच तुटू नये याची आखणी करावी लागे. कॅसेटवरून कॅसेट भरल्यास प्रत्येक पिढीत खरखर वाढे, म्हणून थेट सीडीवरून भरलेल्या प्रतीला अधिक मान होता. भरलेले पुसले जाऊ नये यासाठी डबीच्या मागील कडेची लहान पट्टी मोडून टाकीत. पुन्हा भरायचे झाल्यास त्या जागी चिकटपट्टी लावीत.

या व्यवहाराची कायदेशीर बाजू दीर्घकाळ संदिग्ध होती. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार अधिनियमात खाजगी उपयोगासाठीच्या न्याय्य वापराची सवलत मूळत: साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृतींपुरती होती, ध्वनिमुद्रणाचा तीत उल्लेख नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांचे हक्क मान्य झाले, मात्र त्यांचे गायन-वादन स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी मुद्रित करण्यास मोकळीक राहिली. खाजगी वापराची सवलत ध्वनिमुद्रणासही लागू झाली ती २०१२ च्या दुरुस्तीने. तोवर ही पद्धतच जवळजवळ लोपली होती. २००० नंतर एमपी३ तबकड्या आणि पुढे भ्रमणध्वनीतील स्मृतिपत्रे यांनी कॅसेटीची जागा घेतली.

घरोघरच्या पेट्यांतून उरलेल्या या कॅसेटींचे मोल सारखे नाही. सीडीवरून उतरविलेले गाणे नष्ट झाले, तरी त्याची मूळ तबकडी अन्यत्र मिळू शकते. कीर्तन, यात्रेतील गाणी व ओव्या यांच्या फितीची मात्र बहुधा दुसरी प्रत नसते. बाहेरून दोन्ही कॅसेटी सारख्याच दिसतात, त्यांवरील नावेही पुष्कळदा पुसलेली असतात. त्यामुळे पेटी रद्दीत जाताना दोन्ही एकदमच जातात. मराठवाड्यातील उन्हाळ्याची उष्णता व पावसाळ्यातील दमटपणा यांनी फितीवरील चुंबकीय थर कमकुवत होतो आणि गुंडाळीतील एका वेढ्याचा ध्वनी शेजारच्या वेढ्यावर उमटतो. वादनयंत्रे व ती दुरुस्त करणारे कारागीरही विरळ झाले आहेत.

अशा संगीताचे जतन शक्य आहे, हे गी पॉइट्व्हँ व हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून उभ्या केलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संग्रहाने दाखविले. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात नांदेडलगतच्या परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील ओव्याही आहेत. तेथे गाणारीचे नाव, गाव व ओवीचे शब्द यांची नोंद मुद्रणाबरोबर ठेवली गेली. घरगुती कॅसेटींना हीच नोंद नसते. ती देऊ शकणारी, म्हणजे फितीवरील आवाज ओळखणारी माणसे हयात आहेत तोवरच या फितींचे अंकीय रूपांतर नोंदीसह होणे इष्ट ठरते. त्यानंतर फीत वाचली, तरी आवाज कोणाचा हे सांगता येणार नाही.