आवाळू, अर्बुद आणि सूक्ष्मदर्शक : धाराशिव परिसरातील एका निदानाचा इतिहास

डोक्यावर उठलेल्या, न दुखणाऱ्या आणि वर्षानुवर्षे संथपणे वाढत जाणाऱ्या गाठीस मराठीत आवाळू म्हणतात. शब्द जुना आहे आणि त्यात एक निदानही आहे. परंतु ते बोटांनी चाचपून केलेले निदान होय. गाठ कोणत्या पेशींपासून उत्पन्न झाली, पुढे ती कोणते रूप घेईल, या प्रश्नांना तो शब्द स्पर्श करीत नाही. धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंतचे नाव उस्मानाबाद) या प्रश्नांची उत्तरे मिळण्याची सोय केव्हा झाली, आणि ती झाल्यावरही आवाळूची नोंद का राहिली नाही, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक उपेक्षित विषय आहे.

प्राचीन ग्रंथकारांनी या गाठींकडे बारकाईने पाहिले होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा एकत्र विचार आहे. मेदोज ग्रंथी स्निग्ध, मोठी, खाजणारी व वेदनारहित असते. शरीर पुष्ट झाले म्हणजे ती वाढते, कृश झाले म्हणजे घटते, आणि फुटल्यास तिच्यातून पेंड व तूप यांसारखे द्रव्य निघते, असे तेथे म्हटले आहे. अर्बुद मात्र वाटोळे, स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे. अर्बुदाचा काही अंश शिल्लक राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, हा चिकित्सास्थानातील इशारा आजही शस्त्रवैद्यास शिरोधार्य वाटावा असाच आहे. वाग्भटाने तर अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात कपालाच्या व्याधींची निराळी गणना करून तीत अर्बुदास स्थान दिले.

या निरीक्षणात एक चूक मात्र होती, आणि ती केवळ भारतीयांची नव्हती. गाठीतील पिठूळ द्रव्य मेद आहे असे सुश्रुताने मानले. युरोपीय वैद्यांनीही त्याच समजुतीने अशा गाठीस वसाग्रंथीची गाठ ठरविले. १८२१ साली ॲस्टली कूपर याने इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरील अशीच एक गाठ काढली व त्याबद्दल त्याला सरदारकी मिळाली. पण गाठीच्या स्वरूपाविषयीचे ज्ञान त्यामुळे पुढे सरकले नाही. ते द्रव्य मेद नसून केस ज्याचा बनतो ते केराटिन आहे, आणि गाठीचे अस्तर केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणाशी जुळते, हे हर्मन पिंकस याने १९६९ साली स्पष्ट केले. तोवर आवाळूचे शास्त्रीय नावही चुकीचेच चालले होते.

सूक्ष्मदर्शकाने दुर्मिळ गाठींच्या बाबतीत अधिक मोठा फरक घडविला. १८४२ साली लंडनच्या हेन्री ॲन्सेल याने डोक्यावर व चेहऱ्यावर पसरलेल्या अनेक गाठींचे एक उदाहरण वर्णिले. अशा गुळगुळीत, गुलाबी, केशहीन गाठी वाढत जाऊन सर्व डोके झाकतात, तेव्हा पटका बांधल्याचा भास होतो. इंग्रजीत त्यांना पागोट्याचेच नाव मिळाले. सिलिंड्रोमा ही संज्ञा बिलरोथने १८५९ साली योजिली. ब्रुक (१८९२) व श्पीग्लर (१८९९) यांच्या लेखनातून या विकाराची आनुवंशिक बाजू पुढे आली, आणि २००० साली सोळाव्या गुणसूत्रावरील सीवायएलडी हे जनुक ओळखले गेले. म्हणजे आज या निदानाचा संबंध एका रुग्णाशी नव्हे, त्याच्या मुलाबाळांशीही पोचतो.

याहून नाजूक प्रश्न १९६६ साली विल्सन जोन्स याने मांडला. वृद्ध स्त्रियांच्या डोक्यावर आढळणारी एक वाढती गाठ कर्करोगासारखी दिसते, पण बहुधा सौम्य असते. तिला कर्करोग समजले तर रुग्णावर अनावश्यक जबर उपचार होतात. उलट खरा कर्करोग आवाळू म्हणून सोडून दिला तर प्राण जातो. बोटाने या दोहोंचा निर्णय होत नाही. गाठ फॉर्मॅलिनमध्ये घालून, मेणात बसवून, तिचे पातळ काप रंगवून पाहावे लागतात.

धाराशिवच्या रुग्णास ही सोय फार दूरची होती. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली व हैदराबादची वैद्यकीय शाळा १८४६ साली निघाली. जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असल्याने त्याचा ओढा हैदराबादकडे. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली तेथे विकृतिशास्त्राची परंपरा उभी राहिली. मराठवाड्यास असे केंद्र लाभले ते औरंगाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयाने, १९५६ साली. सोलापूरचे १९६३ चे, अंबाजोगाईचे १९७४ चे. अलीकडे खुद्द धाराशिव येथेही शासकीय महाविद्यालय झाले आहे.

तथापि जिल्ह्याच्या निदानव्यवस्थेस खरे वळण शेजारच्या बार्शीने दिले. तेथील कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या ३४६ गावांत बार्शी तालुक्याबरोबर धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुके होते. पुढे याच जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००९ साली जगभर गाजले. अशा प्रकारे ऊतिपरीक्षा खेड्यापर्यंत पोचली, परंतु ती कर्करोगाच्या पाठोपाठ. नोंदणीचे काम कर्करोग मोजण्याचे. गाठ सौम्य ठरली की ती नोंदवहीबाहेर पडते. रुग्णाच्या दृष्टीने ही आनंदवार्ता, इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र रिकामे पान. या गाठी किती, कोणत्या घराण्यांत, कोणत्या वयात, याचे उत्तर अशा वहीतून निघणार नाही.

वास्तविक या जिल्ह्यात डोके उघडे पाहण्याचा प्रसंग दुर्मिळ नाही. तुळजापुरास कुलदेवतेपुढे बालकांचे जावळ काढतात. याडासोन याने १८९५ साली वर्णिलेला जन्मजात पिवळसर, केशहीन चट्टा दाट जावळाखाली झाकला असेल, तर तो प्रथम उघडा पडावा असा हा प्रसंग होय. हाच चट्टा वयात येताना चामखिळीसारखा खरबरीत होतो व पुढे कधी त्यातून इतर सौम्य अर्बुदे उद्भवतात. वैद्यापूर्वी तो पाहणारा म्हणजे वस्तरा धरणारा न्हावी आणि मांडीवर मूल घेऊन बसलेला मामा.