फुल हेल्मेट की ओपन फेस? नेरडीगोंड्याच्या हायवेवर कोणतं घ्यावं, काय पाहून घ्यावं

नेरडीगोंडा (जि. आदिलाबाद) : नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 या गावाला लागूनच जातो. पांढरकवडा, आदिलाबाद, गुडीहतनूर, इच्चोडा करत निर्मलकडे जाणारे मोटारसायकलवाले इथूनच जातात. किनवट-बोथकडून नातेवाइकांकडे येणारे, कुंटाला धबधबा पाहायला निघालेली पोरं आणि कापसाच्या हंगामात रोज बाजारात ये-जा करणारे शेतकरीही याच रस्त्यावर असतात. यातल्या पुष्कळ जणांचं हेल्मेट आरशाला लटकलेलं दिसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "एवढ्या उन्हात ते कोण घालते भाऊ, जीव गुदमरते."

ही तक्रार खोटी नाही. आदिलाबादचा मे महिना काय असतो ते इथं सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो : तोंड उघडं राहणारं ओपन फेस घ्यावं, की हनुवटीपर्यंत सगळं झाकणारं फुल फेस?

दोघांत फरक काय?

ओपन फेस हेल्मेट डोक्याचा वरचा व मागचा भाग, कानशिलं आणि कान झाकतं. समोर काच असते किंवा नसते, पण हनुवटीपुढं काहीच नसतं. फुल फेसमध्ये त्याच कवचाला पुढून हनुवटीची पट्टी जोडलेली असते. तिसरा प्रकार मॉड्युलर किंवा फ्लिप-अप. त्याची हनुवटीची पट्टी वर उचलता येते.

बाहेरचं कडक कवच घासण्यापासून वाचवतं. धक्का शोषण्याचं काम आतला थर्माकोलसारखा जाड थर करतो. तो दबतो, म्हणून डोक्यापर्यंत पोचणारा जोर कमी होतो. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं.

बाजारात तिसरंच एक मिळतं : वाटीसारखी प्लास्टिकची टोपी, आत पातळ स्पंज. ती फक्त पोलिसांना दाखवायला आहे. डोक्याला तिचा उपयोग नाही.

हनुवटीचा हिशेब

माणूस गाडीवरून पडतो तेव्हा टाळूवरच पडेल असं नसतं. अनेकदा तो पुढं फेकला जातो आणि तोंड रस्त्याला लागतं. जर्मनीतल्या डिटमार ओटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेटांवर मार कुठं लागला याची मोजदाद केली. सुमारे एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागात निघाले. ओपन फेसमध्ये नेमका तोच भाग उघडा असतो.

हनुवटीला लागलं की फक्त दात जातात, जबडा मोडतो, एवढंच नाही. जबड्यातून जोर थेट कवटीच्या तळाशी पोचू शकतो, आणि ती इजा जिवावर बेतते.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. 1981 साली त्यांचा अहवाल आला. फुल फेस हेल्मेटनं संरक्षण वाढतं आणि चेहऱ्याच्या इजा बऱ्याच कमी होतात, असं त्यात नोंदवलं आहे. हेल्मेटमुळे मान मोडते, बाजूचं दिसत नाही, हॉर्न ऐकू येत नाही, या तिन्ही समजुतींना त्या पाहणीत आधार मिळाला नाही.

पण याचा अर्थ ओपन फेस बिनकामाचं असा नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2008 मध्ये झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे 69 टक्के कमी होतो. म्हणजे पहिली लढाई हेल्मेट विरुद्ध उघडं डोकं अशी आहे. ओपन की फुल हा प्रश्न त्यानंतरचा.

कायदा काय म्हणतो?

कायद्याला दोन्ही प्रकार चालतात, फक्त आयएसआय मार्क हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे, चालवणारा असो की मागं बसणारा. पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरांसाठी फेब्रुवारी 2023 पासून वेगळा नियम आहे : लेकराला मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत.

2019 च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात हेल्मेट नसल्यास 1,000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. तडजोडीची रक्कम ठरवायचा अधिकार राज्यांना आहे. त्यामुळे पेनगंगेच्या अलीकडची आणि पलीकडची पावती वेगळी असू शकते. अपघात मात्र राज्य पाहून होत नाही.

मागं बसणारीचं काय?

आपल्याकडं नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागं बायको पदर धरून बसलेली, हे रोजचं दृश्य आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये हेल्मेट न घातलेले 50,029 जण देशात मेले. त्यात 14,337 मागं बसलेले होते. घरात दुसरं हेल्मेट नसेल, तर आपलं महागातलं बदलण्याआधी ते दुसरं घ्या.

मग घ्यावं कोणतं?

*हायवेवर जाणं असेल तर फुल फेस.* नेरडीगोंड्याहून आदिलाबाद किंवा निर्मल म्हणजे चौपदरी रस्ता, बाजूनं ट्रक, आणि वेग आपोआप 60-70 वर जातो. कुंटाल्याच्या वळणाच्या रस्त्यालाही हेच लागू. पुष्य अमावस्येला केस्लापूरच्या नागोबा जत्रेला पहाटे निघणाऱ्यांना थंडीपासून बचाव हा वरचा फायदा.

*गावातल्या गावात, शेतापर्यंत जाणं असेल* आणि फुल फेस घातलंच जात नसेल, तर काच असलेलं आयएसआय ओपन फेस चालवून घ्या. घातलेलं ओपन फेस हे आरशाला लटकवलेल्या फुल फेसपेक्षा बरं.

*सतत थांबून बोलावं लागत असेल,* चष्मा असेल, तर फ्लिप-अप सोयीचं. पण ते फुल फेसपेक्षा जड असतं, आणि चालवताना पट्टी खाली लावलेलीच हवी. वर उचलून चालवलं तर ते ओपन फेसच झालं.

गर्मीवर उपाय

- पांढरा किंवा फिका रंग घ्या. काळं कवच जास्त तापतं.
- पुढं हवा आत घेणारी आणि मागं बाहेर सोडणारी छिद्रं आहेत का ते बघा. पुढची असून मागची नसतील तर हवा खेळत नाही.
- आतलं अस्तर निघणारं असावं, म्हणजे धुता येतं. डोक्याला पातळ सुती रुमाल बांधा. जाड दुपट्टा गुंडाळू नका, हेल्मेट सैल बसतं.
- गावात हळू चालताना काच थोडी उघडा. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते, तेव्हाही हेच करा. रात्री काळी काच अजिबात नको.

दुकानात हे तपासा

1. आयएसआय मार्कवर आयएस 4151 हा आकडा आणि खाली सीएम/एल नंबर असतो. तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा-खोटा कळतो. 1 जून 2021 पासून बिनमार्कचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे.
2. भुवयांच्या वरून डोक्याभोवती टेप धरून माप घ्या. दुसऱ्याच्या अंदाजानं घेऊ नका.
3. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट डावी-उजवीकडं हलवलं तर गालाची कातडी सोबत हलावी.
4. पट्टा लावून मागची कड वर-पुढं ओढा. डोक्यातून निघालं तर एक माप लहान घ्या.
5. पट्टा आणि हनुवटी यात फार तर दोन बोटं जावीत. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी निघून जातं.

अपघात दिसला तर

जखमीचं फुल फेस हेल्मेट घाईनं ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. काच उघडा, श्वास चालू आहे का बघा, आणि 108 ला फोन करा. महामार्गावर 1033 ही हेल्पलाइनही आहे. श्वास अडत असेल तरच काढा, तेही दोघांनी मिळून : एकानं मान आणि डोकं स्थिर धरायचं, दुसऱ्यानं पट्टा सोडून हळूहळू सरकवायचं.

थोडक्यात, हायवेला फुल फेस, गावात निदान ओपन फेस, मागच्या माणसालाही एक. आणि कोणतंही घ्या, पट्टा लावा.