डीजे, दंडार आणि गोवा गिल

आमच्या तुमसरात 'डीजे' हा माणूस नसतो, ट्रक असतो. "डीजे आला का?" असं कुणी विचारलं की सगळे रस्त्याच्या टोकाकडे बघतात आणि तिकडून स्पीकरची भिंत लादलेली गाडी येते. ती गाडी कोण चालवतो, गाणं कोण बदलतो, हे कुणी विचारत नाही. पुण्यात नोकरीला आल्यावर ऑफिसातल्या पोरांच्या तोंडी 'अमुक डीजे येतोय, तिकीट काढलंस का' हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ट्रकला तिकीट कसं, हा प्रश्न मला खरोखर पडला होता. 

तर या वीकेंडला याच शब्दाच्या मागे लागलो. तबकडी लावणारा माणूस कलाकार कधी झाला? आणि गावात रात्र उभी करणारा, म्हणजे जागा धरणारा, माणसं जमवणारा, पोलिसांशी बोलणारा जो 'प्रमोटर' असतो, त्याचा धंदा नेमका काय असतो? शोधायला युरोपात जावं लागेल असं वाटलं होतं. पण धागा आधी गोव्यात गेला आणि तिथून थेट आमच्या भंडाऱ्यात परत आला.

आधी थोडी तांत्रिक बडबड, सवयीप्रमाणे. डीजेची मूळ करामत म्हणजे एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच ठेक्यावर आणून मिसळणं. नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये. आपल्या भाषेत दोन वेगवेगळ्या मशीनची घड्याळं सिंक करणं. न्यूयॉर्कमध्ये साठच्या दशकाच्या शेवटी फ्रान्सिस ग्रासो नावाच्या डीजेने हे हाताने करून दाखवलं. १९७२ साली टेक्निक्सचा एसएल-१२०० टर्नटेबल आला आणि १९७९ च्या सुधारित मॉडेलमध्ये वेग कमीजास्त करायची सरकपट्टी बसली. मग हे काम कुठल्याही बऱ्या क्लबमध्ये शक्य झालं.

पण गोव्याच्या किनाऱ्यावर यातलं काही चालत नव्हतं. उन्हात तबकडी वाकते, वाळू सुईत जाते, वीज जनरेटरची. म्हणून तिथले डीजे कॅसेट वापरायचे आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. आवाज एकदम स्वच्छ, पण डॅटच्या साध्या मशीनवर वेग बदलता येत नसे. म्हणजे सिंक बंद! मग काय करायचं? गाण्याची सुरुवात आणि शेवटच लांब, मोकळा, ठेका नसलेला ठेवायचा, म्हणजे एकाच्या शेपटावर दुसऱ्याचं डोकं अलगद ठेवता येतं. आठ-नऊ मिनिटांच्या त्या लांबलचक गोवा ट्रान्सच्या रचनांमागे जसं 'अध्यात्म' आहे तसंच मशीनची ही अडचणही आहे. हार्डवेअरची मर्यादा पुढे सौंदर्यशास्त्र होऊन बसते, ते असं.

आता माणूस. गिल्बर्ट लेव्ही, जन्म १९५१, कॅलिफोर्निया. सॅन फ्रान्सिस्कोच्या हिप्पी वातावरणात वाढला, १९६९ मध्ये घर सोडलं, आम्सटरडॅमवरून खुष्कीच्या मार्गाने भारतात आला आणि १९७० मध्ये गोव्यात पोचला. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. पुढे तो जुना आखाड्याचा साधू झाला, बाबा मंगलानंद. आणि त्याच वेळी हणजूणच्या, म्हणजे जगाच्या अंजुनाच्या किनाऱ्यावर पार्ट्या उभ्या करू लागला. जगाने त्याला नाव दिलं गोवा गिल.

सत्तरच्या दशकात या पार्ट्यांत रॉक असायचं, गिटारवाले बँड असायचे. १९८३-८४ च्या आसपास हवा फिरली. लॉरां नावाचा फ्रेंच डीजे, फ्रेड डिस्को आणि स्वतः गिल यांनी युरोपातून येणारं इलेक्ट्रॉनिक संगीत लावायला सुरुवात केली. गाण्यातले शब्द काढून टाकायचे, ठेक्याचे तुकडे कॅसेटवर जोडत जायचे. जुन्या हिप्पींना ते अजिबात आवडलं नव्हतं. पण नाचणाऱ्यांनी कौल दिला. गिलचा खेळ संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालायचा, सलग चोवीस तासही. म्हणजे ही नोकरीची शिफ्ट नव्हे, अखंड हरिनाम सप्ताहाच्या जातकुळीतलं काम. त्याचं म्हणणंही तसंच असे, की रात्रभर नाचणं हा जुन्या जमातींचा विधी आहे आणि आपण तो नव्या शतकासाठी मांडतोय.

मग हा माल निर्यात झाला. ज्या युरोपातून कॅसेटी आल्या तिथेच तो नवीन नाव लावून परत गेला. जर्मनीत १९९२ मध्ये वूव्ह एक्सपीरियन्स हा मेळा सुरू झाला. १९९३ मध्ये लंडनमध्ये 'रिटर्न टु द सोर्स'च्या रात्री सुरू झाल्या, त्याच सुमारास ड्रॅगनफ्लाय रेकॉर्ड्स निघाली. डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकेनफोल्डने बीबीसी रेडिओ वनवर दोन तासांचं 'गोवा मिक्स' वाजवलं आणि किनाऱ्यावरची खासगी गोष्ट ब्रिटनच्या घराघरांत पोचली. लष्करी सेवा संपवून गोव्यात येणाऱ्या इस्रायली पोरांनी ते संगीत आपल्या देशात नेलं. १९९७ मध्ये बूम फेस्टिव्हल सुरू झाला, तोही कुठे, तर पोर्तुगालमध्ये! ज्यांना १९६१ साली गोव्यातून घालवलं त्यांच्या देशात ३६ वर्षांनी गोव्याच्या नावाचं संगीत वाजायला लागलं. गिल स्वतः जगभर फिरून वाजवत राहिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गोव्यातच वारला.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला कुठल्याही डॉक्युमेंटरीत मिळेल. मला खटकतं ते यापुढे.

या सगळ्या कथेत गोवेकर कुठे आहे? चटई टाकून चहा आणि ऑम्लेट विकणारी बाई, भाड्याने खोली देणारा घरमालक, टॅक्सीवाला, हप्ता घेणारा पोलीस. म्हणजे सगळे आहेत, पण सगळे कडेला. अरुण सलढाणा या भूगोल-अभ्यासकाने २००७ सालच्या 'सायकेडेलिक व्हाइट' या पुस्तकात यावरच बोट ठेवलंय. पार्टी सगळ्यांना फुकट आणि खुली असं म्हटलं जाई, पण खरा रंग पहाटेनंतर, भारतीय पर्यटक दमून निघून गेल्यावर चढायचा. नाचायच्या जागेवर कोण 'आपला' आणि कोण 'परका' हे न बोलता ठरायचं, आणि परका बहुतेक वेळा इथलाच असायचा. दारावर पाटी नव्हती, पण दार होतं.

आणि गोव्याला रात्र उभी करायला बाहेरच्यांनी शिकवलं असंही नाही हो. हणजूण ज्या बार्देश तालुक्यात आहे त्याच तालुक्यातलं हळदोणे हे चिक चॉकलेटचं गाव. खरं नाव अँटोनियो शावियेर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत त्याचा जाझ बँड वाजायचा आणि १९५१ च्या 'अलबेला'मध्ये सी. रामचंद्रांबरोबर त्याने आणि त्याच्या वादकांनी काम केलं. रात्रीचं संगीत हा गोवेकरांचा पिढीजात पेशाच होता. फक्त त्यांना तो करायला मुंबईला जावं लागलं.

आता आमच्याकडे या. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग म्हणजे झाडीपट्टी. धानाचा मुलूख. तुमसर म्हणजे धानाची बाजारपेठ, राइस मिला आणि पलीकडे डोंगरी, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणी. दिवाळी झाली, धान घरात आला की मंडई भरते, गोवारी नाचतात, गावोगावी दंडार आणि खडी गंमत होते, आणि मग होळीपर्यंत नाटकांचा सीझन. गोव्याचा पार्टी सीझनही जवळपास हाच, नोव्हेंबर ते मार्च. दोन्हीचं कारण एकच: पाऊस थांबलेला, जमीन कोरडी, आभाळ मोकळं.

झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाच्या आसपास सुरू होतं आणि पहाटे संपतं. शामियाना, तिकीट, समोर जिवंत ऑर्गन-तबला, आणि आता ऑक्टोपॅडही. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं मुख्यालय. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे, बुकिंग तिथे. गावातली पोरं मंडळ करतात, कंपनीशी रक्कम ठरवतात, तिकिटं विकतात. शो भरला तर उरलेले पैसे देवळाला किंवा शाळेला, पडला तर खड्डा त्यांच्याच खिशाला. गावातल्या त्या मंडळाच्या पोराला आम्ही कधी 'प्रमोटर' म्हटलं नाही, पण युरोपातल्या कुठल्याही प्रमोटरइतकीच जोखीम तो घेतो. वर दिवसा शंकरपट असेल तर गर्दी दुप्पट. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा नाटकाच्या गर्दीचा एक आधार गेला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली.

आणि या रात्रीला परका कुणी नसतो. लेकी-जावई येतात, घरोघरी पाहुणे, त्याच गर्दीत लग्नंही जुळतात. कलाकारसुद्धा शेतकरीच. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका! ज्या वर्षी गोवा गिल गेला त्याच वर्षी हा सन्मान झाला. गिलवर जगात सिनेमे निघाले. खुण्यांचं नाव पुण्यातल्या माझ्या किती मित्रांना माहीत असेल, तुम्हीच सांगा.

आता दोन्ही रात्रींना एकाच वेळी अडवणारा कागद. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. २००२ च्या दुरुस्तीने राज्य सरकारांना वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येऊ लागली. जुलै २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच विषयावर मोठा निकाल दिला. त्या याचिकेमागचं कारण वाचलं आणि मी थबकलो. १९९८ च्या सुरुवातीला एका १३ वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला, शेजारच्या लाउडस्पीकरमुळे तिच्या किंकाळ्या कुणालाही ऐकू आल्या नाहीत. नंतर तिने स्वतःला जाळून घेतलं. 'थोडा आवाज झाला तर काय बिघडतं' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. हणजूणलाही फेब्रुवारी २००८ मध्ये १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह किनाऱ्यावर सापडला आणि 'स्वर्गा'ची रात्र कोण सांभाळतं हा प्रश्न जगासमोर आला. तेव्हा नियम हवाच. यात वाद नाही.

वाद पुढे आहे. हा नियम बंद हॉलला, बँक्वेटला लागू होत नाही. म्हणजे ज्याच्याकडे भिंती आहेत त्याची रात्र शाबूत, ज्याच्याकडे माळरान आणि शामियाना त्याची रात्र पोलीस स्टेशनच्या मर्जीवर. गोव्यात तेच झालं. उघड्यावरच्या फुकट पार्ट्या आटत गेल्या, दारावर पैसे घेणारे क्लब उरले. २००७ मध्ये कांदोळीला सनबर्न सुरू झाला, तो दुपारी चालू, रात्री १० ला बंद, तिकीट आणि स्पॉन्सरसकट. २०१६ मध्ये तो आमच्या पुण्यात केसनंदला आला. चहावाल्या बाईची चटई त्या कुंपणाच्या आत नाही. आणि गंमत म्हणजे ज्या स्पीकरच्या भिंतीमुळे छाती धडधडते ती ट्रकवरची भिंत मिरवणुकीत वाजतेच आहे, कारण तिच्यामागे नेता असतो. मंडळाच्या पोरांच्या नाटकामागे मात्र कुणी नसतं.

माझ्या मते आवाज किती डेसिबल हे मोजतानाच त्याची जबाबदारी कोण घेतं हेही विचारायला हवं. गावातलं नाटक बिघडलं तर सकाळी त्या मंडळाच्या पोराला त्याच गल्लीतून जायचं असतं. म्हाताऱ्या आजीला झोप लागली नाही तर ती त्याच्या घरी येऊन बोलते. हणजूणच्या डीजेला मार्चमध्ये विमान असायचं. ट्रकवाल्या डीजेचं तर नावही कुणाला माहीत नसतं, शिव्या द्यायच्या तरी कुणाला? वर्षातले १५ दिवस वाटताना हा फरक सरकारने धरायला काय हरकत आहे? आजच्या कागदावर तिघंही सारखेच.

असो. लांबलं जरा. ज्यांनी गोव्याचं तिकीट काढलंय त्यांनी जरूर जा, तिथलं लांब सुरुवातीचं संगीत ऐकताना डॅट मशीनची आठवण काढा. आणि दिवाळीनंतर एक शनिवार-रविवार मोकळा ठेवता आला तर नागपूरला उतरा. तिथून तुमसर रोड रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर. पुढे गोंदियावरून वडशालाही गाडी जाते. स्वेटर घेऊन या, थंडी फार असते. तिकीट दारावर मिळतं, आणि पहाटेपर्यंत तुम्हाला कुणी परकं म्हणणार नाही.