डेरिक परेरा
परेरा गोव्याचे. साळगावकर क्लब आणि भारताकडून ते फुटबॉलमध्ये बचावपटू म्हणून खेळले. मागच्या फळीतल्या खेळाडूला जवळजवळ सगळे मैदान समोर दिसते. परेरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. २००९मध्ये ते पुणे एफसीचे प्रशिक्षक झाले. बालेवाडीत खेळणारा हा संघ आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेच्या पदार्पणातच तिसरा आला, २०१२-१३मध्ये उपविजेता ठरला. पुणे जिल्ह्याच्या फुटबॉलमध्ये ही कामगिरी फार मोलाची आहे. २०१४-१५च्या हंगामानंतर हा संघ आय-लीगमध्ये उरला नाही.